आत बसलेला माणूस

नाव टाकून विनोदिनीने एंटरची कळ दाबली आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. पडद्यावर छोटे निळे वर्तुळ फिरू लागले. खिडकीच्या जाळीपलीकडे बयनाबाई नातवाचा हात धरून उभी होती. ती पहाटेच बाजारहत्नूरहून निघाली होती आणि तिचे सगळे लक्ष परतीच्या बसकडे होते. तिच्या मागे रांग व्हरांड्याच्या पायऱ्यांपर्यंत गेली होती.

"आलं का वो बाई, पोराचं नाव?"

"येते. थांबा थोडं."

आदिलाबादच्या या धर्मादाय दवाखान्यात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे रुग्ण दर महिन्याला गोळ्यांसाठी येत. कोणी उटनूरच्या जंगलातल्या गावांतून येई, कोणी नेरडीगोंड्याच्या हमरस्त्यावरून. मागच्या तपासणीतले रक्तपेशींचे प्रमाण पाहिल्याशिवाय डॉक्टर गोळी लिहून देत नसत, आणि ते प्रमाण संगणकात होते. सचिवांच्या खोलीतल्या एका मोठ्या संगणकात सगळ्या रुग्णांच्या नोंदींची एकच फाइल होती. नोंदणीची टेबले, औषधांची खिडकी आणि डॉक्टरांची खोली तारेने तिच्याशी जोडलेली होती. पूर्वी नाव टाकले की माहिती लगेच येई. आता वर्तुळ फिरत राही.

विनोदिनीला ते थांबणे ओळखीचे वाटे. उद्धवला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, काहीही विचारले की तो असाच थांबे. भाजी कोणती करू असे विचारले तरी आधी समोरच्या भिंतीकडे पाही आणि मग बोले. या थांबण्यावर ती सारा संसारभर चिडत आली होती. आता त्याच्या दफ्तरात, त्याच्या जागी लागून ती दिवसभर नावे विचारत होती, आणि प्रत्येक नावाला पलीकडे कोणीतरी आधी भिंतीकडे पाहत आहे असे तिला वाटत होते. ही गोष्ट तिने कोणाला सांगितली नव्हती. निजामाबादला नर्सिंग शिकणाऱ्या लेकीला, जान्हवीलाही नाही.

उद्धव गेल्या आश्विनात याच खोलीत वारला. टेबलावर डोके टेकून बसला आहे, डुलकी लागली असेल, असे सगळ्यांना वाटले होते. जीव जिथून गेला तिथेच दिवा पाहिजे, असे म्हणून शिपाई पंढरीने त्याच्या टेबलावर दक्षिणेकडे तोंड करून दहा दिवस दिवा लावला. जाणाऱ्या-येणाऱ्या रुग्णांनी त्याला हात जोडले. अकराव्या दिवशी पंढरीने दिवा उचलला, तोवर चालूच राहिलेला संगणक बंद करून त्यावर पांढरे कापड घातले आणि वर्षश्राद्ध होईपर्यंत या वस्तूला हात लावायचा नाही असे जाहीर केले. सचिव लक्ष्मणराव तहसीलच्या कचेरीतून निवृत्त झालेले, शिस्तीचे गृहस्थ. पण त्यांनीही मान हलवली. त्यानंतर लगेच दिवाळी आली, दवाखाना थोडे दिवस बंद राहिला आणि उघडला तेव्हा विनोदिनी उद्धवच्या जागी सहा महिन्यांच्या बोलीवर रुजू झाली. तिच्यासाठी भिंतीलगत वेगळे टेबल आणि वेगळा संगणक मांडला गेला.

दफ्तराच्या दृष्टीने मशीन मंद झाले ते त्याच दिवसापासून.

सुरुवातीला हा योगायोग आहे असे सगळे म्हणत. निजामाबादहून आलेल्या कारागिराने तारा बदलल्या, तारा जोडायची डबी बदलली. काही फरक पडला नाही. मग बोलण्याचा सूर बदलला. नोंदणीच्या पहिल्या टेबलावर बसणारी रुपा मनाने वाईट नव्हती. तिनेच विनोदिनीला टंकलेखन शिकवले होते. पण एकदा औषधांच्या खिडकीशी ती बोलताना विनोदिनीच्या कानावर आले, की वैनीचा हात लागला तवापासून असं होऊन राह्यलं. विनोदिनी पाण्याचा पेला भरायला गेली होती. ती तो न भरताच परतली. तिला राग आला नाही. तिलाही आतून तेच वाटत होते.

वैशाखातल्या त्या सकाळी लक्ष्मणरावांनी गावातल्याच रविकांतला बोलावले होते. नागपूरच्या एका बँकेत अशीच कामे करून तो चाळिशीत परत आला होता आणि बसस्थानकामागे त्याने दुकान थाटले होते. लक्ष्मणरावांनी त्याला खोलीच्या मधोमध उभे करून, विनोदिनी ऐकत असतानाच सांगितले, "या महिन्याच्या अखेरीस कमिटी बसते. या बाईच्या नोकरीचा फैसला हाय. बिघाड मशीनचा हाय का मानसाचा, तेवढं मले साफ सांगा."

विनोदिनीने मान खाली घातली. जान्हवीचे शेवटचे वर्ष या खुर्चीवर उभे होते. त्याहून जवळचे काही होते, पण त्याला नाव नव्हते: ही खुर्ची गेली, तर उद्धव जिथे शेवटचा होता त्या खोलीत येण्याचे तिला कारणच उरणार नव्हते.

रविकांत घाईचा माणूस नव्हता. आधी त्याने रुपाच्या संगणकावरून एक मोठी चित्रफीत सचिवांच्या खोलीतल्या संगणकावर पाठवली. ती भरकन गेली. रस्ता चांगला आहे, गाडीच कुठेतरी अडते आहे, असे तो स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाला. मग तो विनोदिनीच्या शेजारी स्टूल घेऊन बसला आणि तिला नेहमीसारखे काम करायला सांगितले. तिने नाव टाकले, वाट पाहिली, माहिती आली, डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहिली आणि नोंद बंद करून प्रोग्राममधून बाहेर पडली.

"दर वेळी बाहेर काऊन निघता, ताई?"

"साहेबांचा नियम हाय. काम झालं की बंद करा. दुसऱ्याच्या बिमारीची माहिती उघडी नाई ठेवाची."

नियम चांगला आहे, असे रविकांत म्हणाला. मग तो सचिवांच्या खोलीत जाऊन बसला आणि तिथून एकेकाला काम करायला सांगत राहिला. यात बराच वेळ गेला. बाहेर रांगेत कुरबुर सुरू झाली होती. बयनाबाईचा नातू पायरीवर बसला होता आणि दुखणारा गुडघा दोन्ही हातांनी दाबत होता. रविकांत आला तेव्हा त्याचे नाव अर्धवटच राहिले होते.

रविकांत परतला तेव्हा त्याने विनोदिनीकडे नाही, सगळ्यांकडे पाहून विचारले, की दिवाळीच्या आधी या खोलीत काय वेगळे होते.

रुपाने आठवून पाहिले. माणसे तीच, प्रोग्राम तोच. लक्ष्मणराव म्हणाले, वेगळे काहीच नव्हते.

"पयले उद्धवभाऊ होते," दारातून पंढरी म्हणाला.

हे नवीन नव्हते. अलीकडे वर्तुळ फिरू लागले की कोणी ना कोणी उद्धवचे नाव काढीच. वाट पाहताना दुसरे करायचे तरी काय. कोणी म्हणे, उद्धवभाऊ असते तर रांगेतल्या म्हाताऱ्यांना सावलीत बसवले असते. कोणी म्हणे, ते चहात साखर किती घालायचे. पंढरी तर सरळ म्हणे, भाऊ अजून बसून हायेत, थे सोडत नाईत. म्हणून आताही कोणी त्याच्याकडे लक्ष दिले नाही. रविकांतने मात्र दिले.

"त्यांचं मशीन कोनतं?"

पंढरीने पांढऱ्या कापडाकडे बोट केले.

"त्याच्यावर थे काय काम करत?"

रुपाला हसू आले आणि लगेच तिने ते आवरले. उद्धवभाऊंना टंकलेखन जमत नसे, ती सांगू लागली. ते सगळ्यांच्या आधी येत. मशीन सुरू करत. त्यांना प्रोग्राम शोधावा लागू नये म्हणून तो आपोआप उघडेल अशी सोय तिनेच करून दिली होती. त्याच्या पहिल्या पानावर कोणाचे नाव नसते, म्हणून साहेबही काही बोलत नसत. मग भाऊ व्हरांड्यात जात आणि दिवसभर तिथेच असत, चिठ्ठ्या वाचून दाखवत, डोस समजावत. मशीन संध्याकाळपर्यंत तसेच. "आमी चिडवत होतो त्यायले," ती म्हणाली, "का भाऊ, तुमचं मशीन पगार घेते अन् काम काई करत नाई."

रविकांत खुर्चीवर टेकला. मग त्याने कारण सांगितले, लक्ष्मणरावांनाही कळेल अशा बेताने. ती मोठी फाइल एखाद्या खोलीसारखी आहे. आत कोणीच नसेल तर मशीन तिला कुलूप घालते. पुढचा माणूस आला की कुलूप काढायचे, आणि संगणकातले विषाणू शोधणाऱ्या प्रोग्रामने सगळी खोली पुन्हा पहिल्यापासून तपासायची. एवढे झाल्यावर त्याला नाव मिळणार. तो बाहेर पडला की पुन्हा कुलूप. इथे सगळे नियमाने बाहेर पडतात, म्हणून दर नावाला हेच होते.

"आत एक मानूस नुसता बसून असला ना, तर दार उघडंच राह्यते," तो म्हणाला. "त्यानं काई करा लागत नाई. फक्त आत असावं लागते."

पंढरीने कापडाकडे पाहून नकळत हात जोडले.

खात्री करायची तर ते मशीन सुरू करावे लागेल, असे रविकांत म्हणाला. लक्ष्मणराव चुळबुळले. वर्षश्राद्धाला अजून अवकाश होता. शब्द त्यांच्याच समोर दिला गेला होता.

"बाई, तुमच्या घरचा मामला हाय. तुमी म्हनाल तसं."

विनोदिनी उठली. इतक्या महिन्यांत ती त्या टेबलाला वळसा घालूनच गेली होती. मशीन सुरू होऊनही नाव आले नाही, तर बिघाड माणसाचा ठरणार होता, आणि ते माणूस कोण हे सगळ्यांना माहीत होते. तरी तिचा पाय अडखळला तो त्या भीतीने नाही. आत कोणी बसलेले नाही हे आपल्याला पाहावे लागेल, याची तिला भीती वाटली. तिने कापड उचलले. टेबलाच्या लाकडावर दिव्याच्या तेलाचा गोल डाग होता. तिने बटण दाबले. मशीन घरघरले, पडदा उजळला, आणि कोणी काही न करता नोंदणीचे पहिले पान उघडून स्थिर झाले.

रुपाने बयनाबाईच्या नातवाचे नाव टाकले. कळ दाबली न दाबली तोच माहिती आली.

तिने दुसरे नाव टाकले, मग तिसरे. औषधांच्या खिडकीतून कोणीतरी ओरडून विचारले, की काय केले रे. रुपाने विनोदिनीकडे पाहिले, काही बोलायला ओठ उघडले आणि म्हणाली, "वैनी, चहा घेता ना? मी आनते." चहा आणण्याचे काम पंढरीचे होते. रुपा स्वतः उठून गेली.

लक्ष्मणरावांनी घसा साफ केला. कमिटीला आपण काय सांगणार ते त्यांनी मोजक्या शब्दांत सांगितले. बाईची काही चूक नव्हती. बाई कायम होतील. विनोदिनीने मान लववली. छातीवरचे ओझे उतरायला हवे होते. ते नुसते जागेवरून सरकले.

मग रविकांत म्हणाला, की हा तात्पुरता उपाय झाला. प्रत्येक संगणकाच्या प्रोग्राममध्ये तो चार ओळी घालून देईल. कोणतेही एक मशीन सुरू असले तरी ते दार स्वतःच उघडे धरेल, रुग्णाची नोंद मात्र बंदच राहील. मग या मशीनची गरज नाही. लक्ष्मणरावांनी लगेच होकार दिला.

"राहू द्या ना हे चालू," विनोदिनी म्हणाली. "मी सकाळी येऊन लावत जाईन. काई करा तर लागत नाई त्याले."

आपण इतके बोललो याचे तिलाच नवल वाटले.

लक्ष्मणराव कठोर झाले नाहीत. "बाई, लाइट गेली, मशीन जळलं, तुमी एक दिवस बिमार पडल्या, तर पुन्हा रांग. बाहेर लोक उभे हायेत."

बाहेर बयनाबाई नातवाला उचलून डॉक्टरांच्या खोलीकडे नेत होती. पोर मोठे होते, त्याचे पाय तिच्या गुडघ्यांवर आपटत होते. सकाळपासून ते त्या पायरीवर बसून होते. विनोदिनीने तिकडे पाहिले.

"करा," ती म्हणाली.

रविकांत एकेका संगणकासमोर बसत गेला. काम संपल्यावर त्याने उद्धवच्या मशीनकडे हात नेला, तेव्हा तिने त्याला थांबवले आणि पुढे होऊन ते स्वतः बंद केले. घरघर थांबली. तिने भिंतीलगतच्या आपल्या टेबलाशी बसून एक नाव टाकले. माहिती समोर होती. तिचे हात मांडीवर जायलाही वेळ मिळाला नाही.

जेवणाच्या सुट्टीच्या बऱ्याच आधी व्हरांडा रिकामा झाला. बयनाबाईला बस मिळाली असेल, असे पंढरी म्हणाला. दुपारी नेरडीगोंड्याकडचे लोक आले आणि आले तसे गेले. रुपाने मान वर न करता भराभर नावे टाकली, विनोदिनीनेही टाकली. मध्ये थांबावे लागेल असे काहीच आले नाही. पंढरी दोनदा दारात आला, काही बोलायचे असल्यासारखा उभा राहिला. पण सगळे कामात होते, म्हणून परत गेला.

एकदा विनोदिनीलाच वाटले की आपण बोलावे. उद्धव चहात साखर घेतच नसे. या लोकांना ते चुकीचे आठवते, एवढेच सांगावे. तिने रुपाकडे वळून तोंड उघडले. तेवढ्यात पडद्यावर नाव आले, आणि खिडकीतल्या माणसाने चिठ्ठीसाठी हात पुढे केला.

संध्याकाळी पंढरीने दारे लावून घेतली. त्या दिवशी त्या खोलीत पुन्हा कोणी उद्धवचे नाव घेतले नव्हते.