जागा काही सुटेना

ऑफिसच्या सर्व्हरवर वेगवेगळ्या कंटेनरमध्ये, म्हणजे आपापल्या कप्प्यांत, चालणारे सगळे प्रोग्रॅम सकाळपासून 'डिस्क भरली' म्हणून बोंबलत होते. मॅडमनी नोंदी साठून चाळीस जीबीची झालेली लॉग फाइल उडवली, तरी जागा तसूभरही वाढेना. त्यांचं डोकंच फिरलं.

"फाइल उडवलीत, पण ती उघडून बसलेला प्रोग्रॅम बंद केलात का?" मोठ्या खुर्चीत रेलून साहेब म्हणाले. "तो उठल्याशिवाय जागा सुटत नाही."

मॅडमनी त्या प्रोग्रॅमचा कंटेनर बंद करून पुन्हा चालू केला. चाळीस जीबी मोकळे!

"बघा," साहेब चहा ढवळत म्हणाले, "फाइल कागदोपत्री गेली, तरी ठाण मांडून बसते. लाज म्हणून नाही!"

साहेबांना निवृत्त होऊन तीन महिने झाले होते. त्यांच्या जागी आलेल्या मॅडम अजून कपाटावर लॅपटॉप ठेवून उभ्यानेच काम करत होत्या.