पाठवणी

इंदुबाईने सूप मांडीवर ओढलं, तांदळातला खडा अचूक चिमटीत धरला आणि अंगणात भिरकावला. कित्येक महिन्यांत तिने पहिल्यांदाच सुपाला हात लावला होता. पाळी संपवून कंपनीतून आलेला हिरामण दारातच थबकला.

“अंजनी अजून आली नाय कॉलेजातनं?” तिने विचारलं.

हिरामण उंबऱ्यावर बसला.

त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर त्याची बायको हळूहळू हरवत गेली होती. बोलता बोलता गप्प व्हायची, घरातली माणसं ओळखेनाशी झाली. मुंबईला मेंदूचा फोटो काढला. तो बघून मोठ्या डॉक्टरांनी सांगून टाकलं, मेंदू झिजत चाललाय, यावर औषध नाही, पावसाळ्यापर्यंत टिकल्या तर नशीब. मग पालेगावात भावकी बसली. आई गेली तर वर्षाच्या आत पोरीचं लग्न उरका, नाहीतर तीन वर्षं थांबा. त्यापेक्षा तिच्या डोळ्यांदेखत होऊ दे, असं ठरलं. अंजनीची बारावी अर्ध्यावर राहिली. पोरीला नर्स करायचं हा इंदुबाईचा हट्ट. पण हट्ट धरायला ती होती कुठे?

लग्न आटोपल्यावर महिन्याभराने उल्हासनगरच्या एका डॉक्टरांनी तिच्या डोक्याला वायरी लावून आलेख काढला. ही फिट आहे, ते म्हणाले. हातपाय न झाडता आतल्या आत सारखी चालू असलेली. फोटोत झीज वाटली ती या फिटचीच खूण. गोळ्या सुरू झाल्या आणि माहेरी गेलेली बाई घरी परतावी तशी इंदुबाई परत आली.

हिरामणने सगळं सांगितलं. तिचा हात सुपातच राहिला.

“आन् कन्यादान?”

“आपण दोघांनीच केलं. तुझा हात मी धरला व्हता.”

ती बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिली.

“पाठवणीला मी रडले का ओ?”

“लय रडलीस. बायांना आवरेना.”

“मंग बरं. नायतर पोर म्हणायची, आईला माझं काय नाय.”

हिरामणने मान हलवली, सूप आपल्याकडे ओढलं आणि निवडलेल्या तांदळात खडे शोधू लागला. त्या दिवशी अंजनीने आईच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला होता. इंदुबाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला होता आणि मायेने विचारलं होतं,

“रडू नको गं बाय. तू कुणाची?”