घडी मोडू नका

“काय रे, विमानबिमान चालवायला घेतलंस की काय?”

मास्तर दारातच थबकले. काखेत धुवायच्या कपड्यांचं बोचकं. माझा धाकटा भाऊ इस्त्रीच्या टेबलापाशी उभा होता, अंगात बनियन आणि नाकावर रबराचा मास्क. मास्कला हत्तीच्या सोंडेसारखी नळी, ती खाली स्टुलावर ठेवलेल्या यंत्राला जोडलेली. यंत्र एका सुरात घुं घुं करत हवा सोडत होतं.

भावाने बोट वर करून मास्तरांना थांबवलं. हातातल्या सदऱ्याची कॉलर पुरी केली, मग मास्क जरासा उचलून म्हणाला, “आता इस्त्री करणाऱ्या माणसाला हे लागतं, मास्तर. तुम्हाला ठाऊक नाही?” आणि डोळ्यांनीच चादरींच्या ढिगाकडे खूण केली.

ढिगावर माझी भाची बसली होती. पुढ्यात पाट, पाटावर हातरुमाल, हातात वायर कापलेली जुनी थंडगार इस्त्री. बापाकडे बघायचंच नाही असं ठरवून बसली होती आणि घटकेघटकेला बघत होती.

मास्तरांचा जन्म पोरांत गेलेला. ते लगेच म्हणाले, “हो हो, विसरलोच बघ. पण लहान मुलांना नाही ना देत हे?”

“छे! लहानांना कुठलं?” म्हणून भावाने मास्क पुन्हा नाकावर चढवला आणि बाही ओढून घेतली.

भाचीने खालचा ओठ बाहेर काढला. मी गल्ल्यामागे मान खाली घालून हसू दाबत होते. हसत होते खरी, पण हा वेडेपणा लागू पडला नाही तर पुढे काय, ते भाऊ, भावजय आणि मी, आम्हा तिघांना चांगलं माहीत होतं.

मी तेव्हा त्याच्या लाँड्रीत बसायचे. आलेल्या कपड्यांना खुणेचा धागा घालणं आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलणं, ही माझी कामं. दुसरं काम भावाला जमायचं नाही. तो सुरकुतीशी बोलणारा माणूस. लोकांच्या घरी जेवायला गेला तर बोलता बोलता टेबलावरचं कापड तळव्याने सारखं करायचा. लग्नात नवरी बघायच्या ऐवजी मांडवाच्या झालरीकडे बघत होता, असं भावजय आयुष्यभर त्याला ऐकवत आली.

मुलगी झाली तेव्हा डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, डाउन सिंड्रोम आहे. हृदयाला भोक होतं, ते वर्षाच्या आत शिवून घेतलं. “शिवलं ना? मग झालं,” भाऊ म्हणाला होता. त्याच्या लेखी शिवलेली वस्तू नव्यासारखी.

तिचं नाव चांगलं हौसेने ठेवलेलं, पण सगळे तिला घडी म्हणत. कारण तिची झोप. मांडी घालून बसायची, कमरेतून पुढे वाकायची, गाल गादीला टेकायची, मान वर ताणलेली, आणि तशीच झोपायची. रुमालाची दुहेरी घडी घालावी तशी. आम्हाला त्याचं भारी कौतुक. पाहुण्यांना आत नेऊन दाखवायचो. घोरायचीसुद्धा एवढी, की भावजय म्हणे, “बारकं इंजिन आहे माझं.”

भावाला मात्र ते बघवायचं नाही. मूल असं मुडपून पडलंय आणि आपण आरामात पसरायचं? तो रात्री उठायचा, तिला अलगद उचलून उताणी करायचा, पाय लांब करायचा, खालची चादर सारखी करायचा आणि पांघरूण दोन्ही बाजूंनी गादीखाली असं खोचायचा की पाकिटातलं पत्र वाटावं. थोड्या वेळाने ती धडपडून बाहेर यायची आणि पुन्हा वाकायची. हा पुन्हा उठायचा. सगळं लहानपण असंच. दिवसभर वाफेत उभा राहणारा माणूस, पण त्या उठण्याचा त्याने कधी पाढा वाचला नाही.

दिवसा घडी पेंगायची. शाळेतून तक्रार, ऐकत नाही, चिडते, बाकावर डोकं टाकते. आम्हीही म्हणायचो, अशी मुलं जरा सुस्तच असायची. सगळ्या गोष्टींना ते एकच उत्तर पुरायचं. ती सात वर्षांची झाली आणि जिना चढताना ओठ निळसर दिसायला लागले, तेव्हा हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मीही गेले होते. बाईंनी तपासलं, आणि पेन खाली ठेवून विचारलं, “ही झोपते कशी?”

“सरळ!” भाऊ छाती काढून म्हणाला. “मी झोपवतो ना. वाकडी झाली की उठून सरळ करतो.”

“वाकडी म्हणजे?”

मग त्याने तिथल्या तपासायच्या पलंगावर चढून मांडी घातली आणि वाकून दाखवलं. भावजय लाजेने लाल झाली. “अहो, उतरा खाली!”

बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “दादा, ती तिची वाट शोधतेय. हिचा घसा अरुंद, जीभ मोठी, स्नायू सैल. उताणं झोपलं की जीभ मागे पडते आणि श्वास अडतो. घोरणं थांबतं ना मध्येच?”

“थांबतं,” भावजय हळूच म्हणाली. “आम्हाला वाटायचं, आता गाढ लागली.”

“तेव्हा श्वास बंद असतो. मग ती दचकून जागी होते आणि वाकते. वाकलं, मान ताणली, की हवेला जागा होते. रात्रभर हेच. झोप कुठली व्हायची? आणि हृदय दमतं ते वेगळंच.”

भाऊ अजून पलंगाच्या कडेला बसला होता. त्याने पलंगावरच्या चादरीवर हात ठेवला होता, पण तो हात फिरत नव्हता.

“म्हणजे मी...” एवढंच तो म्हणाला.

“तुम्हीच काय, खूप आईबाप सरळ करतात,” बाई म्हणाल्या. “कोणी सांगितलंच नसतं ना.”

त्या रात्री, भावजयने मला सांगितलं, तो उठला, घडीपाशी गेला आणि तिचे वाकलेले खांदे बघत नुसता बसून राहिला.

आधी टॉन्सिल काढले. फरक पडला, पण पुरेसा नाही. एक रात्र दवाखान्यात अंगभर वायरी लावून तिची झोप तपासली, आणि हे यंत्र मिळालं. झोपेत नाकावाटे हवा भरत राहायची, म्हणजे घसा मिटत नाही. बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, हिने हा मास्क घेतला नाही तर शिवलेलं हृदय फार वर्षं साथ देणार नाही.

आणि घडी मास्क बघितला की किंचाळायची. भावजयने गोष्टी सांगितल्या, बाहुलीला घातला, खाऊ दिला. एकदा मास्क सापडेना म्हणून घर पालथं घातलं, तर बाईसाहेबांनी तो खाली लाँड्रीत साबणाच्या हौदात भिजत टाकलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, जबरदस्ती नको, दिवसाउजेडी खेळू दे. पण खेळायला आधी हातात तर घ्यायला हवा!

“ताई, ती माझं सगळं बघून करते,” एक दिवस भाऊ मला म्हणाला. “मी शिंकलो तरी शिंकते. मग हे का नाही करणार?”

“अरे, पण लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत की. कपडे तर आणून टाकतीलच.”

लोक म्हणायचे, आणि काय काय म्हणायचे! कोणी सोंडेला हात लावून नमस्कार करी, कोणी विचारी, “वासाचे मोजे आले वाटतं आमचे?” मास्क लावून बोलायला तोंड उघडलं की तोंडातून भस्सकन हवा यायची, म्हणून हा गप्प. उकाड्यात, वाफेत, नाकावर रबर घट्ट बांधून तो दिवसभर कपडे दाबायचा. संध्याकाळी मास्क काढला की गालांवर लाल वळ. मी एकदा म्हटलं, “बास कर रे आता.” तर म्हणाला, “तिला रात्रभर लावायचाय, ताई. मला कळायला नको का, कुठे टोचतं ते?” आणि खरंच, कुठे टोचतं ते बघून त्याने पट्ट्यांना जुन्या दुलईचं मऊ अस्तर शिवलं.

मास्तर ‘लहान मुलांना नाही ना देत’ असं विचारून गेले, त्यानंतर थोड्याच दिवसांत एका दुपारी घडी ढिगावरून उतरली, बापासमोर उभी राहिली आणि हात पुढे करून म्हणाली, “माझी पाळी.”

भावाने घाई केली नाही. “हा सदरा होऊ दे,” म्हणाला. तो सदरा त्याने जितका सावकाश केला, तितका जन्मात केला नसेल. मग मास्क पुसून तिला दिला. तिने उलटाच लावला, नाक मुरडलं, काढून फेकला. थोड्या वेळाने पुन्हा मागितला. हातरुमालाला मास्क, उशीच्या अभ्र्याला मास्क. इस्त्री करणाऱ्या माणसाला लागतोच ना!

आणि एकदा अशीच इस्त्री करता करता ती ढिगावर कलंडली. नेमके मास्तर आत येत होते. मी ओठांवर बोट ठेवलं. आम्ही तिघं बघत राहिलो. घडी कुशीवर झोपली होती. घोरणं नाही. हळूहळू एक पाय लांब झाला, मग दुसरा. कोणी न करता, आपली आपण सरळ.

तिच्या पायांखाली गिऱ्हाइकाची ताजी इस्त्री केलेली चादर पार चुरगळली होती. भावाचा हात तिकडे गेला, मध्येच थांबला, आणि मागे आला.

“राहू दे,” तो कुजबुजला. “पुन्हा करेन.”

मास्तर बोचकं न ठेवताच चवड्यांवर परत गेले.

या गोष्टीला किती काळ लोटला! भावजय गेली, मास्तर गेले. घडी तिशी ओलांडून गेली आणि त्याच लाँड्रीत अभ्रे आणि रुमाल तिच्याकडे असतात. तिच्या रुमालाची कड कडेला अशी मिळते की मलाही जमायची नाही. यंत्रं बदलत गेली, पण मास्क चुकला नाही.

मागच्या वर्षी हृदय थकलं ते भावाचं. छातीत पाणी साठायचं, आडवा झाला की गुदमरायचा. दवाखान्यात पलंगावर चाकांचं टेबल पुढे ओढून, त्यावर उशी ठेवून, तिच्यावर डोकं टेकवून झोपायचा. घडी शेजारी. रात्री तिथेच राहायचं म्हणून आपल्या यंत्राची पिशवी पायाशी घेऊन बसलेली.

एका दुपारी नवीन मावशी ड्यूटीवर आल्या. भल्या बाई. भावाला बघून हळहळल्या, “अगंबाई, काका असे काय मुडपून झोपलेत? मान धरेल. चला, सरळ करू या.” आणि त्यांनी खांद्याला हात घातला.

मी उठायच्या आत घडी उठली होती. तिने मावशींचा हात धरला, आणि अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “मोडू नका. बाबा श्वास घेतायत.”

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. “बरं गं बाई,” म्हणून त्या पुढच्या पलंगाकडे वळल्या.

घडी परत खुर्चीवर बसली. भावाच्या पायांपाशी चादर चुरगळून गोळा झाली होती. तिची नजर तिथे गेली, मग हात गेला. चादरीवर पोचायच्या आधी तो थांबला. मग तिने तो उचलून बापाच्या वाकलेल्या पाठीवर ठेवला आणि पाठ वरखाली होत होती तोवर काढला नाही.