त्रेसष्ट सल्लागार आणि एक कपाट

घरचे त्याला भोंगा म्हणत. चौदा वर्षं बसस्थानकाच्या काचेच्या खोलीत बसून 'फलाट क्रमांक सहावरची गाडी सुटत आहे' असं सांगणाऱ्या माणसाला घरच्यांनी दुसरं काय म्हणायचं? आवाज मात्र खरोखर देखणा. गाडी दोन तास उशिरा येणार हे भोंग्याच्या तोंडून ऐकलं की प्रवाशांना वाटायचं, आपणच दोन तास लवकर आलो, चूक आपलीच.

आता स्थानकाने घोषणा ध्वनिमुद्रित करायचं ठरवलं होतं. त्यासाठी एकच आवाज निवडायचा होता आणि उमेदवार तीन होते: भोंगा, जाहिरातींना आवाज देणाऱ्या एक बाई, आणि संगणकाने तयार केलेला एक आवाज, ज्याला ना रजा लागत होती ना सर्दी होत होती. निवड झाली तर रोजच्या बदललेल्या घोषणा भोंग्याने घरी बसून रेकॉर्ड करायच्या. नाही झाली तर त्याची बदली हरवलेल्या वस्तूंच्या विभागात. तिथे दिवसभर छत्र्यांच्या सहवासात बसायचं. छत्र्यांशी बोलायची पद्धत नाही.

चाचणी शनिवारी दुपारी चार वाजता, इंटरनेटवरून होणार होती. वाचायचा मजकूर ऐन वेळी फोनवर येणार आणि भोंग्याने तो लॅपटॉपसमोर बसून वाचायचा. त्यासाठी त्याने चांगला माइक आणला होता, आणि माइक लॅपटॉपला जोडायला यूएसबीची एक काळी डबी. दुकानदाराने डबीचं नाव ऑडिओ इंटरफेस असं सांगितलं होतं. घरात आल्यावर ती डबी झाली.

शनिवारी सकाळी त्याने एक घोषणा रेकॉर्ड करून ऐकली.

"फलाट क्र... क्र... हावरची गा... खर्र... टत आहे."

त्याची बायको दातांच्या दवाखान्यात पेशंटच्या वेळा सांभाळायची. तुटक बोलणारी माणसं ती रोज ऐकायची, पण त्यांच्या तोंडात कापूस असे. ती कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "अहो, हे ऐकून माणसं गाडीत बसायच्या ऐवजी गाडीखाली येतील."

"तू मध्ये बोलू नकोस. मला लक्ष देऊ दे."

"बरं," ती म्हणाली आणि गप्प झाली. तिचं गप्प होणं त्या दिवशी सगळ्यात महागात पडलं.

भोंग्याने डबी या पोर्टातून काढून त्या पोर्टात लावली. केबल बदलली. लॅपटॉप बंद करून चालू केला. ड्रायव्हर नावाची एक गोष्ट असते, ती काढून पुन्हा घातली. दर वेळी पहिली दोन वाक्यं लोण्यासारखी यायची आणि तिसऱ्याला आवाजाचे तुकडे पडायचे. मग अकराच्या सुमाराला त्याने आयुष्यातली मोठी चूक केली. त्याने घरच्या ग्रुपवर विचारलं.

ग्रुपचं नाव गोतावळा. भोंगा सोडून माणसं त्रेसष्ट. 'डबीतून आवाज तुटक येतोय, कुणाला काही माहिती आहे का?' एवढंच त्याने लिहिलं, आणि त्रेसष्टच्या त्रेसष्टांना माहिती होती.

सगळ्यात आधी थोरले मामा. ते ग्रुपवर रोज पहाटे फुलाचं चित्र टाकत आणि दिवसभर त्या फुलाच्या पाठोपाठ आणखी फुलं टाकत. त्यांनी डबी कोरड्या फडक्याने पुसायला सांगितलं आणि फडकं कसं असावं याचा फोटो पाठवला. मग दुसऱ्या कोनातून पाठवला. आत्याने गुळण्या करायला सांगितलं. आवाज डबीत तुटतोय, घशात नाही, असं भोंग्याने कळवल्यावर आत्या म्हणाली, "मग डबीचं तू बघ, पण गुळण्या कर." साडूने परदेशी भाषेतला चाळीस मिनिटांचा व्हिडिओ पाठवला, ज्यात एक माणूस असाच लॅपटॉप उघडून शेवटी रडत होता. चुलत बहिणीने स्वतःचा लॅपटॉप व्यवस्थित चालत असल्याचे नऊ फोटो टाकले. एका काकांनी वरचं काही न वाचता 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. त्याखाली अकरा जणांनी हात जोडले. दोघांनी भोंग्याच्या आईला फोनही केला.

लॅपटॉप मुळात मेहुण्याचा. त्याने नवीन घेतला तेव्हा जुना ताईला, म्हणजे भोंग्याच्या बायकोला, दिला होता. मेहुण्याचं म्हणणं पडलं, "भावजी, बफर वाढवा." भोंग्याने बफर, म्हणजे बाहेर पडण्याआधी आवाज साठवायची जागा, वाढवला. त्याने आवाज सलग झाला, पण इतका उशिरा येऊ लागला की भोंगा घोषणा करून, पाणी पिऊन, परत येऊन खुर्चीत बसे आणि मग लॅपटॉप ती घोषणा करी. खऱ्या स्थानकाची सवय असलेल्या माणसाला यात काही गैर वाटलं नाही, पण थोड्या वेळाने तोही आवाज तुटायला लागला.

दुपारपर्यंत भोंग्याने सत्तेचाळीस सल्ले अमलात आणले. डबी पालथी ठेवून झाली, उशीवर ठेवून झाली. गुळण्याही करून झाल्या. जितके सल्ले येत गेले तितका आवाज बिघडत गेला. तीनला तो 'फलाट' या शब्दाच्याही पलीकडे जाईना.

पावणेचारला त्याने कपाळाला हात लावला. "संपलं. सोमवारपासून छत्र्या."

"आता बोलू का मध्ये?" बायकोने विचारलं.

"बोल."

"तुमचा फोन वाजला की तुमचा आवाज तुटतो. साडेअकरापासून बघतेय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"लक्ष देत होतात ना तुम्ही."

भोंग्याने घोषणा सुरू केली. गाडी निघाली, छान निघाली. इतक्यात फोन टिंग वाजला. मामांचं फूल. गाडी जागच्या जागी मोडली.

मेहुण्याने लॅपटॉप देताना त्यात मोठ्या प्रेमाने एक प्रोग्रॅम घालून दिला होता. फोनवर येणारा प्रत्येक फोटो आणि व्हिडिओ तो आपोआप लॅपटॉपवर उतरवून घेई, त्यातला एकेक चेहरा निरखून बघे, आणि हा आपल्या घरातला आहे का ते ठरवून वेगवेगळ्या अल्बमात लावी. सकाळपासून तो बिचारा ऊर फुटेस्तोवर काम करत होता. त्याने परदेशी रडका माणूस साडूच्या अल्बमात लावला होता. मामांच्या फुलांत तो अजून चेहरा शोधत होता. एवढ्या व्यापात त्या डबीकडे लक्ष द्यायला लॅपटॉपला फुरसत कुठली? थोडक्यात, आवाज तुटण्यावरचा उपाय हेच आवाज तुटण्याचं कारण होतं.

बायकोने प्रोग्रॅम बंद करायला घेतला. त्याने पासवर्ड मागितला. तिने भावाला फोन लावला.

"ताई, पासवर्ड नाही गं आठवत. पण थांब, विसरलेला पासवर्ड कसा शोधायचा याचा एक मस्त व्हिडिओ आहे, ग्रुपवर टाकतो."

"अरे, नको टा..."

टिंग.

चारला नऊ मिनिटं होती. फोन बंद करावा तर मजकूर त्यावरच येणार. ग्रुप सोडावा तर आतेभावाचं उदाहरण समोर होतं. तो चार वर्षांपूर्वी चुकून बाहेर पडला होता, आणि अजूनही लोक त्याच्या आईला कोपऱ्यात घेऊन 'आता बरा आहे ना?' असं विचारत.

भोंग्याने लिहिलं, 'महत्त्वाची चाचणी आहे. साडेचारपर्यंत कृपया कुणी काही पाठवू नये.'

ताबडतोब एक्केचाळीस जणांनी 'ठीक आहे' पाठवलं. बऱ्याच जणांचं 'ठीक आहे' हलणाऱ्या चित्रात होतं. आत्याने शुभेच्छांचा व्हिडिओ पाठवला. थोरल्या मामांनी मौनाचं महत्त्व सांगणारी बारा मिनिटांची ध्वनिफीत टाकली. लॅपटॉपचा पंखा विमानासारखा घोंघावू लागला.

"द्या इकडे," बायको म्हणाली. तिने फोन घेतला, अर्धं मिनिट विचार केला आणि लिहिलं:

'उद्या रविवार, सकाळी सात वाजता आमचं लोखंडी कपाट दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर न्यायचं आहे. लिफ्ट नाही. चार माणसं लागतील. कोण कोण येतंय?'

सहा जण काहीतरी टाइप करत होते. ते थांबले.

शांतता पसरली. गोतावळा सुरू झाल्यापासून इतकी शांतता कधी झाली नव्हती. पंखा मंदावला, मग थांबला. भोंग्याला लांबच्या नळाचं टपटप ऐकू आलं. स्वतःचा श्वास ऐकू आला.

चार वाजता चाचणी सुरू झाली. फोनवर मजकूर आला आणि भोंग्याने तोंड उघडलं. फलाट क्रमांक सहा, सात, नऊ. गाडी उशिरा, गाडी रद्द, गाडी आली. वीस मिनिटं एक अक्षर तुटलं नाही.

"आवाज अगदी स्वच्छ आहे तुमचा," पलीकडून साहेब म्हणाले. "आधीच्या उमेदवाराचा फार तुटत होता."

"बाईंचा?"

"नाही, संगणकाचा."

त्याचंही कुटुंब मोठं असावं, असं भोंग्याला वाटून गेलं.

संध्याकाळी निवडीचा निरोप आला. नवराबायकोने तो ग्रुपवर टाकला नाही. शांतता एवढी छान होती की मोडवेना.

रविवारी सकाळी सात वाजता दारावरची बेल वाजली. दारात थोरले मामा उभे होते. वय एकाहत्तर. खांद्यावर दोरीचं वेटोळं, कमरेला पट्टा.

"बाकीचे कुठायत?" मामांनी विचारलं.

"मामा, तुम्ही? तुम्ही काही लिहिलंच नाहीत ग्रुपवर!"

"त्यात लिहायचं काय? कपाट न्यायचंय म्हणालात, मी उठलो आणि दोरी शोधायला लागलो. माळ्यावर होती. सगळी संध्याकाळ गेली बघ. कुठाय कपाट?"

भोंग्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने जमिनीकडे पाहिलं. मग ती चपला न घालता वर धावली. तिसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या एक बाई राहत.

"कपाट? माझ्याकडे? कशाला?" बाई दाराच्या फटीतून म्हणाल्या.

"खाली मामा आलेत हो. दोरी घेऊन."

बाईंनाही मामा होते. त्यांनी दार पूर्ण उघडलं.

एकोणीस पायऱ्या. पाऊण तास.

"अंगावर घे! अंगावर घे रे भोंग्या!" मामा खालून ओरडत होते. "नुसता 'आलं, आलं' काय करतोस? घोषणा नको, उचल!"

कपाट वर टेकल्यावर मामांनी त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि ग्रुपवर टाकला. बांध फुटला. छप्पन्न जणांनी अंगठे दाखवले. साडूने कपाट उचलताना कंबर कशी ठेवावी याचा व्हिडिओ पाठवला. आत्याने विचारलं, आधी रिकामं केलं होतंत ना?

केलं नव्हतं.

आता बायको रोज सकाळी एक मजला चढून कपडे घेऊन येते. शिवणकामवाल्या बाई तिला दार उघडतात आणि जाता जाता एखादं सुटलेलं बटण लावून देतात. भोंगा घरून घोषणा रेकॉर्ड करतो. मेहुण्याला पासवर्ड अजून आठवलेला नाही, त्यामुळे मध्येच टिंग वाजतं आणि फलाट क्रमांक सहाचे तीन तुकडे होतात.

परवा असंच झालं. उन्हाळी वेळापत्रकाच्या चाळीस घोषणा दुपारपर्यंत पाठवायच्या होत्या आणि ग्रुपवर चुलत बहिणीच्या नव्या पडद्यांचे फोटो येत होते.

"टाकू का मेसेज?" बायको म्हणाली. "कपाट पुन्हा खाली आणायचंय म्हणून. क्षणात चिडीचूप होतील सगळे."

भोंग्याने झटकन तिच्या हातातून फोन काढून घेतला.

"नको," तो म्हणाला. "मामा येतील."