बिल्ला नसलेला मासा

मला माशांची भीती वाटते. ही गोष्ट मी मासेमारी क्लबचा सेक्रेटरी होण्याआधी सांगायला हवी होती. पण ज्या बैठकीत मला सेक्रेटरी नेमलं त्या बैठकीला मी हजर नव्हतो, आणि हजर नसणं हीच त्या पदाची पात्रता होती. हजर असलेल्या आठही जणांनी आधीच नाही म्हटलं होतं.

क्लबचे अध्यक्ष माझे काका. त्यांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. मग हात थरथरायला लागले. चिमट्यात धरलेला स्क्रू तिसऱ्यांदा गिऱ्हाइकाच्या चहात पडला तेव्हा त्यांनी दुकानाचं शटर ओढलं ते ओढलंच. गंमत अशी, की गळाची काठी हातात आली की तेच हात दगडासारखे स्थिर. डॉक्टरांनाही कारण सांगता आलं नाही. म्हणाले, "मग काठी धरा." तेव्हापासून काका सकाळी गावामागच्या तळ्यावर जातात, दुपारी जेवायला येतात आणि पुन्हा जातात. मध्यंतरी बांधाचं काम निघालं म्हणून तळं तीन आठवडे बंद होतं. त्या तीन आठवड्यांत जेवताना काकांचा चमचा ताटावर टकटक वाजायचा, आणि तो ऐकू येऊ नये म्हणून घरातले आम्ही सगळे उगाच मोठमोठ्याने बोलायचो.

आणि आता पाणीपुरवठा खात्याचं पत्र आलं होतं. क्लबची तळ्याकाठची खोली आणि मासे धरायची परवानगी टिकवायची असेल तर किमान पन्नास सभासद हवेत. महिन्याच्या शेवटच्या रविवारी साहेब स्वतः येऊन डोकी मोजतील. एक जरी कमी भरलं तर तळ्यात हंसाच्या आकाराच्या होड्या सोडणार, पायडल मारायच्या.

आम्ही होतो नऊ. त्यातले एक आजोबा फक्त घोरायला येत.

"पन्नास झाले तर माशांपेक्षा माणसं जास्त होतील," काकू म्हणाली.

काकांचा चमचा वाजला. आणि तो थांबावा म्हणून मी तोंड उघडलं.

"बक्षीस ठेवू," मी म्हणालो. "एका माशाला बिल्ला लावून तळ्यात सोडू. जो तो मासा धरेल त्याला माझी मोटरसायकल."

"तुझी मोटरसायकल ढकलल्याशिवाय सुरू होत नाही," काकू म्हणाली.

"ते पोस्टरवर लिहायचं नाही."

काकांना कल्पना आवडली. त्यांची एकच अट होती, जे होईल ते वहीत लिहिलं जाईल. वहीबद्दल सांगायला हवं. मासे धरणारा माणूस माशाची लांबी सांगताना दोन्ही हात पसरतो, आणि दरवर्षी तोच मासा सांगताना हात थोडे जास्त पसरतात. म्हणून क्लब निघाला त्या दिवसापासून आमच्याकडे वही आहे. मासा धरला की काट्यावर ठेवायचा, वजन लिहायचं, दोन साक्षीदारांच्या सह्या, आणि मासा परत पाण्यात. एकतीस वर्षांत वहीत एक ग्रॅम खोटा नाही. अर्ध्या किलोच्या थापेसाठी काकांनी स्वतःच्या मेव्हण्याला क्लबातून काढलं होतं. मेव्हणा म्हणजे काकूचा भाऊ. काकू तेव्हापासून वहीला 'माझी सवत' म्हणते.

काकांनी पितळेचा छोटासा बिल्ला कापला आणि चार संध्याकाळी बसून त्यावर एकचा आकडा कोरला. हात थरथरत असल्यामुळे तो एक वळवळत खाली आला होता, गांडुळासारखा. मी पोस्टरवर 'बिल्ला नंबर एक' असं लिहून फोटो छापला, पण छपाईत फोटो सगळा काळा पडला. त्यामुळे आकडा नेमका कसा आहे हे मी आणि काका सोडून कुणालाच माहीत नव्हतं.

मग काकांनी एक मासा धरला, बादलीत घातला आणि बिल्ला माझ्या हातात दिला. "पाठीवरच्या पंखाला लाव आणि सोड. बारीक काम आहे, माझ्याच्याने नाही व्हायचं," म्हणाले आणि खोलीत गेले.

मी बादलीत पाहिलं. माशाने माझ्याकडे पाहिलं. मासा पापणी मिटत नाही हे मी शाळेत शिकलो होतो, पण परीक्षेसाठी शिकणं वेगळं. मी हात घातला, तो थंड, बुळबुळीत आणि आतून धडधडणारा निघाला. मी किंचाळलो, बादली लवंडली, आणि मासा तळ्यात गेला. बिल्ला माझ्या मुठीतच राहिला.

"झालं?" काकांनी आतून विचारलं.

त्या क्षणी 'नाही' म्हणायला किती वेळ लागला असता? 'हो' इतकाच.

"झालं," मी म्हणालो.

बिल्ला मी कपाटात, मोज्याच्या आत ठेवला. पोस्टरं त्याच दुपारी लागली.

पहिल्या आठवड्यात चौदा जणांनी फॉर्म भरले, दुसऱ्यात वीस, तिसऱ्यात आणखी वीस. सलूनवाला आला, वायरमन आला, शाळेतले पीटीचे सर आले. सरांनी तळ्याचा नकाशा काढून त्याचे चौसष्ट चौकोन पाडले आणि शिट्टी वाजवून मासे धरायला सुरुवात केली. वायरमन मोठं लोहचुंबक दोरीला बांधून फिरवत होता. पितळेला चुंबक चिकटत नाही हे त्याला माहीत असायला हवं होतं, पण त्याने वायरिंग केलेल्या घरांतून मी राहिलोय, मला नवल वाटलं नाही. शेवटी मटणवाला आला. तो काठी आणि सुरी दोन्ही घेऊन बसायचा.

"सेक्रेटरी," तो सुरी पुसत म्हणाला, "मासा आहे ना नक्की?"

"आहे."

"नाही, दुकान बंद ठेवून येतोय म्हणून विचारलं. नसला तर बघू."

'बघू' म्हणजे काय बघू, हे त्याने सांगितलं नाही. मी तीन रात्री त्याचा अर्थ लावत पडलो होतो. भिंतीवरच्या काकांच्या सगळ्या घड्याळांची टिकटिक ऐकू येत होती आणि ती सगळी रविवारकडे चालली होती.

गुपचूप जाऊन एका माशाला बिल्ला लावावा असंही ठरवलं. दोनदा तळ्यावर गेलो. दोन्ही वेळा काठावर आधीच वीस माणसं, आणि वीसही जण माझ्या हातांकडे बघत होते. सेक्रेटरी पाण्याच्या जवळ दिसला की लोक आपापल्या गळाची जागा बदलत.

घरी काका खूश होते. "त्रेसष्ट!" ते म्हणायचे. "अरे, हा पोरगा कामाचा निघाला."

"बघा हो," काकू माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणायची, "याला ताप आहे का?"

रविवारी नऊ वाजता साहेब आले. सडपातळ माणूस, हातात कागद लावलेली पाटी आणि पेन. काकांनी खोलीबाहेर टेबल मांडलं होतं, त्यावर काटा, पाण्याचा टब आणि वही. काठावर सगळे रांगेत बसले होते. साहेबांनी पहिल्या डोक्याकडे पेन रोखलं, आणि सलूनवाला ओरडला, "सापडला!"

त्याच्या हातात मासा होता. माशाच्या पाठीवर पितळेचा बिल्ला चमकत होता.

तळ्यात बिल्ला नव्हता. हे जगात मला एकट्याला ठाऊक होतं. त्यामुळे बाकीचे टाळ्या वाजवत असताना मला एकट्यालाच घाम फुटला. क्षणभर वाटलं, आपण खरंच लावला होता आणि घाबरून विसरलो. पुढच्या क्षणी वाटलं, माशाने स्वतःच लावून घेतला.

एवढ्यात दुसऱ्या टोकाला शिट्टी वाजली. पीटीचे सर मासा डोक्यावर धरून पळत आले. त्यालाही बिल्ला. एक नंबर.

मग मटणवाला उठला. घाई न करता चालत आला आणि टेबलावर मासा ठेवला. बिल्ला, एक नंबर. हा मासा हलत नव्हता. त्याच्या डोळ्यावर बर्फाचा खडा होता.

"हा समुद्रातला आहे," काका म्हणाले.

"पोहत आला असेल," मटणवाला म्हणाला.

काकांनी घड्याळं दुरुस्त करायचं आपलं जुनं भिंग डोळ्याला लावलं आणि तिन्ही बिल्ले पाहिले. एकेक, सावकाश. तिन्हीवरचा एक काठीसारखा सरळ होता. त्यांनी भिंग काढलं. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"हे तिन्ही माझे नाहीत," ते म्हणाले. सलूनवाला, सर आणि मटणवाला, तिघे एकदम वेगवेगळ्या दिशांना बघू लागले. सलूनवाल्याने स्वतःच्याच केसांत हात घातला.

"मग खरा कुठाय?" मागून वायरमन म्हणाला. "का नाहीच? का सगळा बनाव?"

"ए, तोंड सांभाळ," काका म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "माझा बिल्ला तळ्यात आहे. माझ्या पुतण्याने स्वतःच्या हाताने सोडलाय. साहेब, तुमच्यासमोर वहीत लिहून सही करतो. वहीत आजवर खोटं गेलेलं नाही."

त्यांनी वही उघडली. पेन हातात घेतलं. हात थरथरत होता. पेनचं टोक कागदावर टेकलं, उचललं गेलं, पुन्हा टेकलं. 'मा' झाला. 'झा' झाला.

मी मटणवाल्याकडे पाहिलं. सुरीकडे पाहिलं. साहेबांच्या पाटीकडे पाहिलं. तळ्यात हंसाच्या होड्या दिसायला लागल्या, प्रत्येकीत एकेक काका, हातात चमचा घेऊन.

"काका, लिहू नका," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की कुणाचा ते मलाच कळलं नाही. "मी सोडला नाही. मासा निसटला. बिल्ला घरी आहे. कपाटात."

काकांचं पेन तिथेच थांबलं.

मटणवाला एक पाऊल पुढे आला. "म्हणजे तळ्यात बिल्ला नाहीच?"

"नाही."

"महिनाभर? म्हणजे महिनाभर तू आम्हाला सगळ्यांना..." त्याचा आवाज चढत होता. मी डोळे मिटले. पण आवाज मध्येच थांबला. डोळे उघडले तर सगळं गाव त्याच्या माशाकडे बघत होतं. बर्फ वितळून टेबलावरून थेंब थेंब गळत होता. त्याने मासा उचलून काखेत मारला.

"खोटं बोलू नये," तो हळूच म्हणाला. "एवढंच म्हणणं आहे."

काकांनी लिहिलेली दोन अक्षरं खोडली. एकतीस वर्षांतली ती पहिली खाडाखोड. मग उभे राहिले.

"साहेब, पाच मिनिटं मोजू नका," ते म्हणाले आणि लोकांकडे वळले. "मोटरसायकल नाही. ज्यांना मोटरसायकल हवी होती त्यांनी खुशाल जावं, मी नाव ठेवणार नाही. ज्यांना मासे धरायचेत त्यांनी आपल्या जागेवर बसावं."

मी मनात म्हटलं, संपलं. काका, हे काय केलंत? आधी मोजू द्यायचं ना! मी उरणाऱ्यांचा हिशेब केला. जुने नऊ, त्यातून मला आज काढणार, म्हणजे आठ, त्यातले एक झोपलेले.

पण कुणीच हललं नाही.

सलूनवाल्याने वायरमनकडे पाहिलं. वायरमनने सरांकडे. जो पहिला उठेल तो साठ माणसांसमोर मोटरसायकलसाठी आलेला ठरणार होता. सर घसा खाकरून म्हणाले, "मला तर बाबा लहानपणापासून माशांची आवड." आणि आपल्या चौकोनात जाऊन बसले. "मलाही," सलूनवाला म्हणाला. "शांतता किती आहे!" मटणवाला काखेतल्या माशासकट बसला. हळूहळू सगळे बसले, पाठी ताठ, नजर पाण्यावर. इतका घाबरलेला काठ मी पाहिलेला नाही.

साहेब रांगेतून चालू लागले. पेनने एकेक डोकं टिपत होते, आणि मी त्यांच्या मागून एकेक पाऊल टाकत होतो. एकतीस. बत्तीस. एकाला शिंक आली, ती त्याने गिळली. चव्वेचाळीस. एका बाईने पिशवी उचलली, माझं पाऊल हवेतच थांबलं, तिने पिशवीतून चष्मा काढला आणि पिशवी खाली ठेवली. एकोणपन्नास. पन्नास. साहेब एकसष्टपर्यंत गेले, पाटीवर सही केली, म्हणाले, "चांगला उत्साह आहे," आणि गेले.

ते गेल्यावरही कुणी उठेना. उन्हं चढली तरी उठेना.

मग सलूनवाल्याची काठी वाकली. तो पांढराफटक पडला. "अध्यक्ष," तो कुजबुजला, "लागलाय काहीतरी. देवाशपथ, मी काही केलेलं नाही."

"ओढ," काका म्हणाले.

"नको. त्याला बिल्ला असला म्हणजे?"

"ओढ रे."

त्याने डोळे मिटून ओढला. साधा मासा होता, पाठीवर काहीच नव्हतं. सलूनवाल्याने तो उलटसुलट करून तीनदा दाखवला, आधी सरांना, मग सगळ्यांना, आणि त्याला हसू आवरेना. काकांनी मासा काट्यावर ठेवला. चारशे वीस ग्रॅम. साक्षीदार म्हणून सही करायला अकरा जण धावले. काकांनी दोनच घेतल्या, स्वतः मासा पाण्यात सोडला आणि काठी घेऊन आपल्या जागी बसले. हात दगडासारखे.

मी त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. ते मान न वळवता म्हणाले, "घरी चल, मग बोलू."

एवढंच. शिवी नाही, ओरडणं नाही. लहानपणापासून या घरात 'घरी चल, मग बोलू' यापेक्षा भयंकर वाक्य मी ऐकलेलं नाही.

"कधी निघायचं?" मी विचारलं.

"सगळे उठले की."

मी रांगेकडे पाहिलं. कुणी उठत नव्हतं. देवा, असंच राहू दे, म्हटलं. मग खोलीतून एक जादा काठी आणली, डोळे मिटून गळाला गांडूळ लावलं आणि काकांच्या शेजारी बसलो.