सगळे माझ्या सुरात

मी एक जुना संतूर आहे, मित्रांनो. माझे भाऊबंद देशोदेशी पसरलेत. कुणी मांडीवर बसतो, कुणी पट्ट्याने गळ्यात लटकतो, कुणी टेबलासारखे पाय लावून मिरवतो. कुणाला बांबूच्या काड्यांनी मारतात, कुणाला कापूस गुंडाळलेल्या काड्यांनी. मार मात्र कुणालाच चुकलेला नाही.

मला घडवलं मालकाच्या वडिलांनी, एका मोडक्या कपाटाच्या फळ्यांतून. पण आमच्या गोताचा मान मोठा. आम्हाला तारा फार, जुळवायला वेळ फार. म्हणून बाकीचे वादक आमच्याच सुराला आपली वाद्यं लावून घेतात, आणि गाणाऱ्यालाही गळा तिथेच न्यावा लागतो.

आमच्याकडे मालकाची मुलगी गायची, चिमणी. लग्नांत गाण्याबजावण्याची बोलावणी तिच्या गळ्यामुळे यायची. मालकाला वाटे, आपल्या हातामुळे.

मग मालकाचे कान गेले. आधी बारीक आवाज गेले. माझ्या वरच्या तारा त्याला मंद वाटू लागल्या. ढिल्या पडल्या म्हणून तो त्यांना किल्लीने ताणायचा आणि बाकीच्या त्यांच्या बरोबरीला आणायचा. माझा सूर चढतच गेला.

"काका, तुम्ही तरी सांगा ना बाबांना," चिमणी साथीच्या व्हायोलिनवाल्याला म्हणाली.

"मी? बाप तुझा आहे. माझी तार तुटली तर नवी मिळेल, दोस्त कुठून आणू?"

"कान गेले म्हटलं तर वाजवणं सोडतील हो. मग जगतील कशावर? जाऊ दे, अजून थोडं वर गाते मी."

"चढ बाई. शिडी संपली की हाक मार."

एका लग्नात तिचा गळा फाटला. तोंड उघडं, आवाज नाही. मालक डोळे मिटून वाजवतच राहिला. डॉक्टरांनी आशा सोडायला सांगितली. उरली नुसती कुजबुज. मालकाला सगळ्यांनी सांगितलं, सर्दी आहे.

आज सकाळी तो किल्ली घेऊन माझ्यापाशी बसला. चिमणीने त्याचा हात धरला. आता सांगायचंच, असं ठरवून ती बोलू लागली. लिहून द्यावं, तर त्याला वाचता येत नाही. त्याने कान पुढे केला, कपाळाला आठ्या घातल्या.

"मोठ्याने बोल गं! हल्ली फार पुटपुटतेस."

तिने पुन्हा सांगितलं. मग पुन्हा. शेवटी हात सोडला, आणि किल्ली फिरली.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण आपल्या माणसाला खरं सांगायचं असेल, तर आवाज आहे तोवर सांगा.