तेविसावा संदर्भ

तिने यादीवर फूटपट्टी ठेवली आणि तेविसाव्या ओळीशी थांबली. वरच्या बावीस ओळी सरळ झाल्या होत्या. आधी आडनाव, मग आद्याक्षरं, सहापेक्षा जास्त लेखक असतील तर 'आणि इतर', मग शीर्षक, नियतकालिक, साल, खंड, पानं. हा तेविसावा मात्र अंग चोरून बसला होता. खंड नाही, पान नाही. नुसतं एका बाईचं नाव, छत्तीस वर्षांपूर्वीचं साल आणि 'अहवाल' एवढा एकच शब्द.

संशोधन केंद्रात तिला सगळे 'स्वल्पविराम' म्हणायचे, तोंडावरसुद्धा. लेख डॉक्टर लिहीत, तो मासिकाच्या नियमात बसवून पाठवणं तिचं काम. घरी सासूबाई आल्यागेल्याला सांगत, की आमची सूनबाई दिवसभर लोकांची नावं उलटी लिहिते. तिला त्याचं हसू यायचं, कारण ते खरंच होतं. पण नावं उलटी लिहिता लिहिता ती मूळ लेख उघडून बघायची, हे सासूबाईंना माहीत नव्हतं आणि डॉक्टरांनाही फारसं नव्हतं.

डॉक्टरांचा लेख घरोघरी जाणाऱ्या आरोग्यसेविकांवर होता. शीर्षकातच 'अपुरी कामगिरी' हे शब्द होते. एका सेविकेने दिवसाला बारा घरी भेट द्यायला हवी आणि दोनशे चौदा जणींपैकी फक्त नऊ जणींनी तेवढं गाठलं, असं त्यात म्हटलं होतं. लेख छापून आला की पुढच्या वर्षी कोणाकोणाला कामावर ठेवायचं, ते आरोग्य खातं त्यावरून ठरवणार होतं. आणि हे 'बारा' आले होते तेविसाव्या संदर्भातून.

तिने डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, तो संदर्भ सगळेच देतात, पान नसलं तरी चालतं, शुक्रवारी लेख गेला पाहिजे. तेव्हा सोमवार होता.

चालत असेलही, पण तिला आता राहवेना. डॉक्टरांनी तो संदर्भ एका पुस्तिकेतून घेतला होता. पुस्तिकेने एका जुन्या लेखातून, त्या लेखाने त्याहून जुन्या लेखातून. प्रत्येकाने आधीच्यावर विश्वास टाकला होता आणि मूळ कागद कोणीच हातात धरलेला दिसत नव्हता. मंगळवारी दुपारी ती जुन्या परिचारिका प्रशिक्षण केंद्राच्या तळघरात पोचली. तिथल्या दफ्तरदाराने आधी असं काही नाहीच म्हणून सांगितलं. मग ती जाईना म्हणून शिडी आणली आणि सर्वांत वरच्या फळीवरून दोरी बांधलेला एक गठ्ठा काढून दिला.

अहवाल अकरा पानांचा होता. नवव्या पानावर वाक्य होतं, 'दिवसाला सरासरी बारा घरी भेटी झाल्या.' तिने पानाचा आकडा टिपून घेतला. काम झालं होतं. पण मागे भेटीचे मूळ तक्ते जोडलेले होते आणि ते न बघता गठ्ठा परत बांधणं तिच्याच्याने होईना.

तक्त्यात भेट देणारीच्या नावासाठी एकच रकाना होता आणि त्यात दर वेळी तेच नाव, अहवाल लिहिणाऱ्या सिस्टरचं. पण बाळांची वजनं गोल, ठसठशीत अक्षरात होती आणि शेवटच्या रकान्यातल्या नोंदी बारीक, डावीकडे कललेल्या. तिने एक तक्ता पाहिला, दुसरा पाहिला, मग खिडकीशी नेऊन सगळेच पाहिले. सगळीकडे दोन वेगळ्या हातांची अक्षरं.

परिचारिकांच्या संघटनेत फोन केल्यावर सिस्टर हयात असल्याचं कळलं आणि पत्ताही मिळाला. बुधवारी रजा टाकून ती दोन तास बसने गेली.

दार उघडलं ते सत्तरी ओलांडलेल्या, ताठ कण्याच्या बाईने. आपल्या अहवालाचा उल्लेख इतक्या ठिकाणी होतो हे ऐकून सिस्टरना आनंद होण्याऐवजी कोड्यात पडल्यासारखं झालं. तो त्यांनी वरिष्ठांनी सांगितलं म्हणून लिहिला होता आणि दिल्यावर कोणी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. स्वल्पविरामने तक्त्याची छायाप्रत पुढे केली.

"सिस्टर, यात वजनं कोणी लिहिली आहेत?"

सिस्टरनी चष्मा लावला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली.

"धाकटे, बाहेर ये जरा. तुझं अक्षर आलंय."

आतून एक बुटकी, गुबगुबीत बाई हात पुसत आली. ही सिस्टरची जाऊ. तेव्हा ती शिकाऊ होती. तिचं नाव हजेरीपटावर नव्हतं, म्हणून तक्त्यातही घालता येत नव्हतं. पण एकटीने जाणं शक्यच नव्हतं. एकीने आईशी बोलायचं, दुसरीने बाळ तराजूत घालायचं, असं चालायचं. पुढे सिस्टरनी आपल्या धाकट्या दिरासाठी तिलाच मागणी घातली.

"बोलायच्या ह्या," धाकटी जाऊ म्हणाली, "आणि रडकी पोरं माझ्या वाट्याला."

"तराजू मी वाहायचे," सिस्टर म्हणाल्या.

"चढावर कोण वाहायचं, जाऊबाई?"

यावर दोघींचं थोडा वेळ चाललं. स्वल्पविरामला हसायला येत होतं आणि हातातल्या पेन्सिलीने ती समासात बाराला दोनने भागत होती.

"म्हणजे दोघींची मिळून बारा घरं," ती म्हणाली.

"मग काय एकीची?" सिस्टर म्हणाल्या. "बारा घरं एकटीने केली तर ती नुसती दारं वाजवणं झालं. बाळाला हात लावायचा कधी?"

निघताना तिने धाकट्या जावेला तेव्हाचं, लग्नाआधीचं आडनाव विचारलं. तीसेक वर्षांत ते कोणी विचारलं नसावं. धाकटीने ते सांगितलं, मग स्वतःच कागद ओढून घेऊन गोल, ठसठशीत अक्षरात लिहून दिलं.

गुरुवारी सकाळी तिने अहवाल, तक्ते आणि तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर मांडला आणि जे घडलं ते क्रमाने सांगितलं. डॉक्टरांनी दोन अक्षरं एकमेकांशेजारी धरून पाहिली, वजनांचा रकाना वरून खाली पाहिला. मग खुर्चीत मागे टेकले.

"हा संदर्भ काढून टाकला तर?" त्यांनी विचारलं.

"काढता येईल, सर. मग बारा कुठून आणले, ते आपल्याला लिहावं लागेल."

डॉक्टरांनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कोणीतरी तिला हाताने दिशा दाखवत होतं. गाडी निघून गेल्यावर त्यांनी तिला खुर्ची दाखवली. ती बसली.

त्यांनी लेखाचं पहिलं पान समोर घेतलं आणि 'अपुरी' या शब्दाखाली रेघ ओढली. मग पेन्सिल खाली ठेवून शेवटचं परिशिष्ट काढलं. दोनशे चौदा सेविकांचे रोजच्या भेटींचे आकडे. तो तक्ता त्यांनीच केला होता, तीन महिने खपून. तरी आता ते पहिल्या ओळीवर बोट ठेवून, पहिल्यांदाच बघत असल्यासारखे एकेक आकडा हळू आवाजात वाचू लागले.

"सात. नऊ. सात. आठ. सहा. दहा."

ती ऐकत राहिली. पान संपलं, त्यांनी उलटलं आणि पुढे वाचत राहिले. सहाच्या खाली आकडा अजून आला नव्हता.